फ्लोटची पातळी : जुन्या मोटारसायकलचा पहिला हिशेब

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आजही अनेक छोट्या व्यापाऱ्यांच्या दारात जुनी बुलेट, येझदी, जावा किंवा राजदूत उभी असते. कोणाची ती वडिलांच्या हातची, कोणी हौसेने घेतलेली, तर कोणाचा विटा, तासगाव, कोरेगाव, वडूजच्या आठवडे बाजारांचा धंदाच तिच्यावर चालतो. अशा गाडीच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पेट्रोल फार खाते, गरम झाल्यावर किक घेत नाही, घाटात दम टाकते, कार्ब्युरेटरखाली पेट्रोल ठिबकते. तक्रार ऐकली की मिस्त्रीचा हात बहुधा हवेच्या स्क्रूकडे जातो, नाहीतर तो जेट बदलतो.

या दोन्हींच्या आधी पाहण्याचे एक माप आहे, ते म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळी. ही पातळी फ्लोट राखतो. ती चुकलेली असेल तर स्क्रू आणि जेट कितीही बदला, गाडी ताळ्यावर येत नाही. कापडाच्या धंद्यात आम्ही म्हणतो, ज्याचा गज खोटा त्याचे सगळे हिशेब खोटे. फ्लोटची पातळी हा कार्ब्युरेटरचा गज आहे. प्रस्तुत लेखक कापड व्यापारी असला तरी तीस वर्षांहून अधिक काळ अशाच गाड्यांवरून माल नेला आहे आणि चांगल्या उस्तादांच्या गॅरेजमध्ये बसून त्यांचे काम पाहिले आहे. त्या तजुर्ब्यातून हा विषय मांडत आहे.

या गाड्या कोणत्या?

बुलेटची जुळणी मद्रासमध्ये १९५५ साली सुरू झाली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा काढली, पुढे तिचेच नाव येझदी झाले आणि तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीची. साताऱ्याला तर महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनत असे, त्यामुळे इकडच्या दोन पिढ्यांना कार्ब्युरेटर ही घरातलीच वस्तू वाटते. त्याहून जुन्या बीएसए, ट्रायम्फ, मॅचलेस अशा विलायती गाड्याही काही शौकिनांनी जपल्या आहेत. या सर्वांचे कार्ब्युरेटर निरनिराळे आहेत, पण फ्लोटचे तत्त्व एकच. पेट्रोल फवारणारा कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास युरोपात तयार झाला, तेव्हापासून हे तत्त्व बदललेले नाही.

फ्लोट काय काम करतो?

टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली वाटीत येते. वाटीत पितळी पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा पोकळ फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल वाढले की फ्लोट वर उचलला जातो. त्याच्या बिजागरीजवळची छोटी जीभ फ्लोट पिनला वर ढकलते आणि पिन आपल्या सीटमध्ये बसून पेट्रोल बंद करते. इंजिनाने पेट्रोल ओढले की पातळी उतरते, पिन सुटते आणि नवे पेट्रोल येते. घरावरच्या पाण्याच्या टाकीतील बॉल व्हॉल्व्हही असाच चालतो.

आता पातळीला एवढे महत्त्व का? वाटीतील पेट्रोल जेटच्या तोंडापेक्षा किंचित खाली उभे असते. इंजिनाच्या ओढीने त्याला ते थोडे अंतर चढून हवेत मिसळावे लागते. पातळी वर असेल तर चढण कमी, म्हणून पेट्रोल जास्त जाते. पातळी खाली असेल तर चढण जास्त, म्हणून पेट्रोल कमी पडते. गाडी जागेवर संथ चालते तेव्हा ओढ अगदी दुबळी असते, त्यामुळे मिलिमीटरभर फरकही तिथे जाणवतो. भर वेगात ओढ जोरदार असल्याने तोच फरक फारसा कळत नाही. म्हणून ज्या गाडीचा त्रास संथ चालीत आणि कमी रेसवर अधिक आहे, तिची पातळी आधी तपासावी.

पातळी चुकल्याची लक्षणे

पातळी वर असेल तर प्लग काळा पडतो, धूर काळसर येतो, गरम इंजिन चालू होत नाही, पेट्रोलचा वास येतो आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकते. बुलेटसारख्या फोर स्ट्रोक गाडीत कॉक उघडा राहिला तर हे पेट्रोल सिलिंडरमधून खाली इंजिन तेलात उतरते. तेलाला पेट्रोलचा वास येऊ लागला तर ते तेल पातळ झाले आहे असे समजावे. पातळी ठीक करून तेलही बदलावे, नाहीतर बेअरिंगे खराब होतात.

पातळी खाली असेल तर कार्ब्युरेटरमधून शिंक आल्यासारखा आवाज येतो, गरम गाडीलाही चोक लागतो, प्लग पांढरट दिसतो आणि चढावर जोर जातो. जावा, येझदी, राजदूत या टू स्ट्रोक गाड्यांत धोका दुप्पट आहे. त्यांत इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी गेले की तेलही कमी जाते, आणि गरम पिस्टन सिलिंडरला चिकटतो.

माप घेण्यापूर्वी

माप घेण्याआधी पाच गोष्टी पाहाव्यात. यांतील एक जरी बिघडलेली असेल तर पातळी जुळवणे व्यर्थ आहे.

१. फ्लोट पिनचे टोक. भिंगाखाली धरून पाहावे. टोकावर गोल खाच पडली असेल तर पिन आणि सीट दोन्ही बदलावेत. नवी पिन जुन्या झिजलेल्या सीटवर नीट बसत नाही.

२. फ्लोट फुटका आहे का? पितळी फ्लोट कानाजवळ हलवला की आत पेट्रोलचा आवाज येतो. खात्रीसाठी तो गरम पाण्यात बुडवावा. भेग असेल तिथून बुडबुडे निघतात. डाग देण्यापूर्वी आतले पेट्रोल पूर्ण काढून फ्लोट वाळवावा. पेट्रोल आत असताना तापवला तर तो फुटून इजा होईल. डागाचे कथील कमीत कमी असावे, कारण जड झालेला फ्लोट खोल बुडतो आणि पातळी वर जाते.

३. प्लॅस्टिकचा फ्लोट. हा दिसायला चांगला असूनही कधी कधी आत पेट्रोल शोषून जड होतो. अशा वेळी सराफाच्या काट्यावर जुना आणि त्याच जातीचा नवा फ्लोट तोलून पाहावा. जुना भारी निघाला तर तो टाकून द्यावा.

४. हवेचे छिद्र. वाटीला बाहेरची हवा मिळालीच पाहिजे. उभ्या राहिलेल्या गाडीच्या बारीक नळीत कुंभारीण मातीचे घर करते, हे खेड्यापाड्यांतील मिस्त्रींना ठाऊक आहे. टाकीच्या झाकणाचे छिद्रही पाहावे.

५. टिकलर. जुन्या गाड्यांत फ्लोट दाबून पेट्रोल भरण्याची कळ असते. ती अडकून फ्लोटवर दाबून राहिली तर पेट्रोल वाहतच राहते, आणि दोष विनाकारण फ्लोटला लागतो.

कोरडे माप

कार्ब्युरेटर उतरवून वाटी काढावी. अंगावर नाव आणि नंबर कोरलेला असतो तो लिहून घ्यावा. जुन्या गाड्यांना अनेकदा दुसरेच कार्ब्युरेटर बसवलेले असते, म्हणून माप गाडीच्या नावावरून न घेता कार्ब्युरेटरच्या नंबरावरून घ्यावे. पुस्तक मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास त्याच नंबराचे कार्ब्युरेटर असलेल्या, चांगल्या चालणाऱ्या गाडीचे माप उतरवून घ्यावे.

आता पॅकिंग काढून पृष्ठभाग स्वच्छ करावा आणि कार्ब्युरेटर उलटे धरावे. पिनमध्ये स्प्रिंग असेल तर कार्ब्युरेटर पूर्ण उलटे न करता तिरपे धरावे. फ्लोटची जीभ पिनला नुसती टेकली पाहिजे, स्प्रिंग दबता कामा नये. दबली तर फ्लोटच्या वजनाने माप खोटे येते. मग पॅकिंगच्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या दूरच्या टोकापर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजावे. फ्लोट जोडीचा असेल तर दोन्ही बाजू सारख्या हव्यात. काही मिकुनी जातीच्या कार्ब्युरेटरांत फ्लोट वाटीतील खुंट्यांवर सुटे असतात आणि वर फक्त आडवी पट्टी असते. तिथे ती पट्टी पॅकिंगच्या पृष्ठभागाला समांतर आहे का, एवढे पाहावे.

येथे एक गोष्ट नवशिक्या शागिर्दाला नेहमी उलटी वाटते, ती नीट समजून घ्यावी. हे अंतर कमी असेल तर फ्लोट अधिक वर आल्यावरच पिन बंद होते, म्हणून पेट्रोलची पातळी वर जाते. अंतर जास्त असेल तर पिन लवकर बंद होते आणि पातळी खाली राहते.

ओले माप

कोरडे माप बरोबर असले तरी पिन गळत असेल किंवा फ्लोट जड असेल तर खरी पातळी वेगळी येते. म्हणून शेवटचा निकाल ओल्या मापावर द्यावा. वाटीच्या तळाच्या स्क्रूच्या जागी नळी लावता येईल असा तुकडा बसवावा. तसा स्क्रू लेथवर सहज करून मिळतो. त्याला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक कार्ब्युरेटरच्या बाजूने वर उभे धरावे. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर सरळ उभी असावी, बाजूच्या स्टँडवर माप घेऊ नये. कॉक उघडला की नळीत पेट्रोल चढून थांबते. जिथे थांबले तीच वाटीतील पातळी. वाटीच्या जोडाच्या रेषेपासून ती किती खाली-वर आहे ते मोजून लिहावे. पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. पातळी हळूहळू चढतच असेल तर पिन गळते आहे, मग जीभ वाकवून उपयोग नाही.

हे माप पाण्याने घेऊ नये. पाणी पेट्रोलपेक्षा बरेच जड असल्याने फ्लोट त्यात जास्त उचलला जातो आणि पातळी फसवी दिसते.

जुळवणी

पातळी खाली आणायची असेल तर जीभ पिनकडे किंचित वाकवावी. पातळी वर न्यायची असेल तर पिनपासून दूर वाकवावी. बिजागरीपाशी केसभर फरक केला की फ्लोटच्या टोकाला तो कितीतरी पट होतो, म्हणून थोडे वाकवावे, मोजावे, पुन्हा वाकवावे. वाकवताना छोट्या पकडीने जीभच धरावी. फ्लोट दाबून जीभ वाकवली तर पिनचे टोक चेपते आणि नवी पिनही गळू लागते. प्लॅस्टिकच्या एकसंध फ्लोटला वाकवायची जीभ नसते. तिथे जोर करू नये, फ्लोट किंवा पिन-सीट बदलणे हाच उपाय. काही कार्ब्युरेटरांत सीटखालच्या वॉशरने पातळी बदलते. वॉशर जाड केला की सीट फ्लोटकडे सरकते, पिन लवकर बंद होते आणि पातळी उतरते. म्हणून सीट खोलल्यावर त्याच जाडीचा वॉशर घालण्याची काळजी घ्यावी.

पातळी ठरल्यावर इंजिन गरम करून मगच हवेचा स्क्रू जुळवावा. आधी पातळी, मग स्क्रू, मग जेट हा क्रम मोडू नये.

घाट आणि इथेनॉल

आपल्या भागात दोन कारणांनी मिश्रण बदलते आणि दोन्हींचा दोष फ्लोटवर येतो.

पहिले कारण घाट. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर, तर महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. वर हवा विरळ असल्याने मिश्रण आपोआप थोडे दाट होते. हा हवेचा गुण आहे, त्यासाठी फ्लोट हलवू नये. मात्र पसरणी घाटात सपाटीवर ठीक चालणारी गाडी पेट्रोलविना गुदमरत असेल तर दोन शक्यता असतात. एक तर पातळी खाली आहे आणि चढावर वाटी तिरपी झाल्याने जेट उघडा पडतो. दुसरे म्हणजे कॉकची जाळी तुंबल्यामुळे पेट्रोल पुरेसे येत नाही. पाइप काढून भांड्यात पेट्रोल सोडून पाहावे. धार एकसारखी आली तर पातळी तपासावी. धार तुटत असेल तर कॉक आणि टाकी साफ करावी.

दुसरे कारण इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींत ते तयार होते. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा पट पुरते. याचा अर्थ जुन्या मापावर ठेवलेल्या कार्ब्युरेटरमधून गाडीला गरजेपेक्षा कमी इंधन मिळते आणि ती कोरडी चालते. यावर काही ठिकाणी फ्लोटची पातळी चढवण्याचा सोपा उपाय केला जातो. तो चुकीचा आहे. त्याने संथ चालीत प्लग काळा होतो, आणि भर वेगात, जिथे खरा धोका आहे, तिथे फारसा फरक पडत नाही. पातळी मूळ मापावर ठेवून मेन जेट किंवा स्लाइडच्या सुईची खाच बदलणे हा खरा इलाज.

इथेनॉल हवेतील ओल ओढते. पावसाळ्यात दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीत पाणी साचते, धातूवर पांढरी पूड धरते, जुने रबर फुगते किंवा ठिसूळ होते. म्हणून गाडी उभी करताना कॉक बंद करून वाटी रिकामी करावी, आणि जुने पाइप व पॅकिंग इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत.

एका फेरीवाल्याचे नुकसान

आमच्याकडून कापड उचलणाऱ्या तासगावकडील एका फेरीवाल्याची येझदी अचानक पेट्रोल जास्त पिऊ लागली. एका गॅरेजवाल्याने प्लग काळा पाहून मेन जेट लहान केला. फरक पडला नाही म्हणून आणखी लहान केला. गावात प्लग थोडा उजळला, सर्वांना बरे वाटले. पुढे माल आणायला पुण्याकडे जाताना खंबाटकी घाटात भर रेसवर पिस्टन चिकटला. नंतर एका बुजुर्ग मिस्त्रीने फ्लोट काट्यावर ठेवला, तेव्हा तो नव्यापेक्षा भारी निघाला. दोष पातळीचा होता आणि इलाज जेटचा झाला. जड फ्लोटमुळे संथ चालीत पेट्रोल जादा जात होते, पण लहान जेटमुळे भर रेसवर पेट्रोल आणि तेल दोन्ही कमी पडले. एका फ्लोटच्या किमतीत होणाऱ्या कामासाठी पिस्टन, रिंगा, बोअर आणि ऐन हंगामातील दोन आठवड्यांची फेरी गेली. हे नुकसान सोसणाऱ्याच्या घरी त्या महिन्यात उधारीवर चूल पेटली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कारागिरांसाठी धंद्याची बाजू

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तरुण मिस्त्रींनी ते काम अवश्य शिकावे. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या एका दिवसात जात नाहीत, आणि जपलेल्या गाड्यांचे मालक चांगल्या हातासाठी लांबून येतात. पन्नास वर्षांवरील गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचे नियम २०२१ मध्ये आले. मात्र अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. फेरीवाल्याने हे जाणून मगच त्या नोंदणीचा विचार करावा.

गॅरेजवाल्या बांधवांना तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, वही ठेवा. कार्ब्युरेटरचा नंबर, फ्लोटचे कोरडे माप, ओली पातळी, जेटचे नंबर, सुईची खाच आणि तारीख एवढे लिहिले की पुढच्या वेळी अर्धे काम वाचते. व्यापाऱ्याला जशी खतावणी, तशी मिस्त्रीला ही वही. शागिर्दालाही तीच शिकवणी.

दुसरी, मापाचे पैसे वेगळे सांगा. ग्राहकाला नळीतील पातळी डोळ्यांनी दाखवा. काम दिसले की ग्राहक मजुरीवर घासाघीस कमी करतो, आणि गरज नसलेला सुटा भाग त्याच्या गळ्यात मारण्याचा प्रश्नच उरत नाही.

तिसरी, आगीची काळजी. ओले माप उघड्या हवेत घ्या. शेजारी वेल्डिंग, स्टोव्ह किंवा विडी-सिगारेट नको. सायलेन्सर थंड होऊ द्या. सांडलेले पेट्रोल लगेच पुसा आणि वाळूची बादली हाताशी ठेवा. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय सोडा, ते छातीत गेले तर जिवावर बेतते.

ग्राहक बांधवांनीही गाडी गॅरेजला देताना एकच प्रश्न विचारावा : "वाटीतली पातळी मोजली का?" जो मिस्त्री आकडा सांगेल त्याच्या हाती गाडी निश्चिंतपणे द्यावी. उर्दूत तराजूला मीजान म्हणतात आणि हिशेबाच्या बेरजेलाही मीजानच म्हणतात. तराजू खरा असेल तरच बेरीज खरी येते, आणि कार्ब्युरेटरचा तराजू त्याच्या वाटीत असतो.